हवालदारापेक्षा लहान आई

"ही आमची माय हाय," हवालदार ग्यानबा मस्के म्हणाले, आणि शेजारी बसलेल्या बाईंनी त्यांना कोपराने ढोसलं.

मी फॉर्म भरता भरता थांबले. हवालदार एकसष्टचे. पांढऱ्या मिशा, डोक्याला पटका, जुन्या कोटाच्या खिशावर घासूनपुसून लावलेली मेडलची पट्टी. बाईंनी पदर पार डोळ्यांपर्यंत ओढला होता, त्यामुळे चेहरा नीट दिसत नव्हता. पण हात दिसत होते. बाईचं वय हातांवरून कळतं, निदान दुसऱ्या बाईला तरी कळतं.

"आईंचं वय काय लिहू?"

"लिवा ऐंशी."

"ऐंशी?"

"मेंढरामागं फिरलेली बाई हाय मॅडम. रानातली हवा. लवकर म्हातारी होत न्हाई."

चौऱ्याण्णव साल नुकतंच लागलं होतं. मी परभणीला सैनिक कल्याणाच्या ऑफिसात क्लार्क होते. फौजेशी माझा संबंध एवढाच, की टायपिंगची परीक्षा पास झाले तेव्हा जागा इथे रिकामी होती. माजी सैनिकांची आणि त्यांच्या घरच्यांची कामं आमच्याकडे येत. कोणाची पेन्शन अडकलेली, कोणाला मुलासाठी दाखला हवा, कोणाच्या बांधावर भावकीने नांगर घातलेला. त्यातलंच एक काम दवाखान्याचं. पेन्शनर सैनिकाला आणि त्याच्यावर अवलंबून असलेल्या माणसांना, म्हणजे बायको, लहान मुलं आणि आईवडील यांना, मिलिटरीच्या दवाखान्यात उपचार मिळतात. आमच्या जवळचा असा दवाखाना औरंगाबादच्या छावणीत. पण तिथे जाऊन 'ही माझी माय' म्हटलं म्हणजे झालं असं नसतं. नाव डिस्चार्ज बुकात असावं लागतं. सैनिक फौज सोडतो तेव्हा त्याला हे छोटं पुस्तक मिळतं, त्यात त्याची सगळी कुंडली असते. ते पाहून आम्ही घरच्यांचं ओळखपत्र करून देत असू.

हवालदारांचं पुस्तक मी उघडलं. सर्व्हिस सतरा वर्षं. वागणूक 'एक्झेम्प्लरी', म्हणजे त्याच्यावरचा शेरा फौजेत नाही. वडील मयत. लग्नाच्या रकान्यात 'अविवाहित'. नेक्स्ट ऑफ किन, म्हणजे सैनिकाचं काही बरंवाईट झालं तर तार कोणाला करायची ते माणूस, तिथे 'आई, सुंदराबाई'.

सगळं नियमात बसत होतं. सरकारी दवाखान्यातल्या डोळ्यांच्या डॉक्टरांची सुंदराबाईंच्या नावाची चिठ्ठीही जोडलेली होती. ज्याच्या नावाचं कार्ड, त्या माणसाने स्वतः दोन प्रश्नांची उत्तरं द्यायची, एवढंच उरलं होतं.

"आजी, तुमचं नाव?"

"सुंद्राबाई." पाठ करून आणलेलं उत्तर.

"मुलाचं नाव?"

बाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

"मुलाचं नाव सांगा आजी. ह्यांचं."

बाईंनी मान खाली घातली. मग खिडकीकडे वळवली. "त्यायलाच इचारा की."

"त्यांना नाही विचारायचं. तुम्हीच सांगायचं असतं."

"मला न्हाई येत."

"स्वतःच्या मुलाचं नाव येत नाही?"

बाईंना हसू फुटलं. त्या एकदम लाजल्या, तोंड झाकायला त्यांनी पदराचं टोक तोंडाशी धरलं तसा पदर कपाळावरून मागे सरकला. कपाळावर रुपयाएवढं ठसठशीत कुंकू होतं.

तोवर मी शेकडो आयांना हा प्रश्न विचारला असेल. आया मुलाचं नाव खणखणीत घेतात. वर लाडाचं नाव सांगतात, एखादी शिवीही जोडतात. मुलाचं नाव घ्यायला लाजणारी आई मी पाहिली नव्हती. आमच्याकडे बाई नाव घेत नाही ते एकाच माणसाचं. शिवाय पुस्तकात वडील मयत आणि समोर हे कुंकू.

मी पेन खाली ठेवलं. "हवालदार साहेब, आई कुठे आहेत तुमच्या?"

हवालदार खुर्चीतल्या खुर्चीत अटेन्शन झाले. "माय जाऊन बारा वर्सं झाली, मॅडम."

"आणि ह्या?"

"मी गोदाबाई," बाईच म्हणाल्या. "ह्यांला म्हनलं व्हतं, ह्ये आपल्याच्यानं जमायचं न्हाई."

मग दोघांकडून तुकड्या-तुकड्याने जे कळलं ते असं. येलदरीच्या वरच्या अंगाला, पूर्णेच्या काठी यांची वस्ती. घरचा धंदा मेंढरांचा. ग्यानबांचं लग्न नवव्या वर्षीच झालेलं, गोदाबाई तेव्हा सहा वर्षांच्या. पोलीस ॲक्शननंतर दोन-तीन वर्षांनी भरतीची पार्टी आली तेव्हा हे अठरा वर्षांचे. रांगेत पुढे उभ्या असलेल्या कोणीतरी अकलेचे तारे तोडले, की लग्न झालेल्याला घेत नाहीत. तसा काही नियम नव्हता. पण रांगेतली बातमी तपासायला कोण जातं? टेबलावरच्या बाबूने विचारलं, "शादी?" ग्यानबा म्हणाले, "नही."

झालं. खोटं उघडं पडलं तर नोकरी जाईल, ही भीती सतरा वर्षं. घरी आल्यावर पेन्शन बंद होईल, ही भीती पुढे सव्वीस वर्षं. कागदावर ब्रह्मचारी आणि घरी बायको, दोन लेकी. लेकींची लग्नं होऊन त्यांनाही लेकरं झाली. आई वारली तेव्हा तेसुद्धा त्यांनी कळवलं नव्हतं.

"का नाही कळवलं?"

"पुस्तकात येकच नाव व्हतं, मॅडम. ते बी कटलं आसतं तर जगात माझं कोनीच न्हाई आसं झालं आसतं."

खरं तर मी रागवायला हवं होतं. खोट्या नावाने कार्ड करून घेणं हा गुन्हा आहे आणि त्या कार्डासाठी कागद तपासल्याची सही माझी झाली असती. पण मी डॉक्टरांची चिठ्ठी पुन्हा वाचली. दोन वर्षांपूर्वी गावाकडच्या एका कॅम्पात गोदाबाईंच्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. डोळ्यात पू झाला आणि तो गेला. आता उजव्यात मोतीबिंदू पिकला होता. डॉक्टरांनी लिहिलं होतं की महिन्याच्या आत काढा, नाहीतर आतला दाब वाढून हाही जाईल.

"मग इथल्या सरकारी दवाखान्यात का नाही करत? डॉक्टर चांगले आहेत," मी म्हटलं.

"आसतील की," गोदाबाई म्हणाल्या. "पर येक डोळा दिला म्या. ह्यो येकच ऱ्हायलाय. ह्यांला लढाईत भुवईत छर्रा बसला व्हता. फौजंतल्या डाक्टरनं डोळा राखला ह्यांचा. त्येच्या बिगर मी कोनाला हात लावू देनार न्हाई."

"म्हणून सासूबाई झालात?"

"ह्ये म्हनले, मायचं सोंग घ्यायचं तर कुकू पूस. मी म्हनलं, डोळा गेला तर जाऊ द्या. कुकू न्हाई पुसायची. मंग म्हनले, पदर वढून बस."

मला हसूही येत होतं आणि वाईटही वाटत होतं. त्या भरात माझ्या हातून एक चूक झाली. हवालदारांनी एका चुकीच्या शब्दापायी काय काय घालवलं ते मी त्यांना सुनवायला लागले. म्हटलं, बायकोचं नाव वेळेवर लावलं असतं तर रेल्वेचा वॉरंट, म्हणजे फुकट प्रवासाचा कागद मिळाला असता, लेकींच्या वेळची बाळंतपणं मिलिटरीच्या दवाखान्यात झाली असती, फॅमिली क्वार्टर मिळालं असतं. पलटण सीमेवरून उतरून शांत गावी आली की पाळीने क्वार्टर मिळतं, दोन खोल्यांचं, बायकामुलं तिथे येऊन राहतात.

गोदाबाईंची मान वळली. दिसत काहीच नसावं, पण वळली ती नेमकी नवऱ्याकडे.

"तिथं बायका ऱ्हात्यात?"

हवालदार मेडलची पट्टी सारखी करायला लागले.

"मला म्हनले व्हते, फौजंत बाईमानसाला येऊ देत न्हाईत. फाटकावर सोजीर बंदुका घिऊन हुबे आस्त्यात म्हनले व्हते."

"गोदे, ऐक..."

"सतरा वर्सं."

बस, एवढंच. त्यानंतर त्या नवऱ्याशी बोलल्या नाहीत. माझ्याशी बोलल्या, चहा आणणाऱ्या शिपायाला त्याची लेकरंबाळं विचारली, पण नवऱ्याशी अवाक्षर नाही. मला फार चुटपुट लागली. चूक हवालदारांची होती, पण चव्हाट्यावर आणली मी.

मी कागद घेऊन साहेबांकडे गेले. आमचे साहेब रिटायर्ड मेजर, कोल्हापूरकडचे. रागीट म्हणून ख्याती होती, पण फाइल शेवटच्या पानापर्यंत वाचणारा तो एकच साहेब मी नोकरीत पाहिला.

"आई म्हणून आणली?" ते पोट धरून हसले. मग हसू एकदम थांबलं. "आणि आई म्हणून ॲडमिट झाली असती, टेबलावर काही झालं असतं तर? कागदावर सुंदराबाई वारल्या असत्या. ह्या बाई गेल्याचं कुठे लिहिलंही गेलं नसतं."

"सर, भरतीच्या वेळचं फॉल्स डिक्लेरेशन आहे. आपण कळवलं तर पेन्शनवर येईल का?"

"मस्केंना आत पाठवा."

हवालदारांनी सॅल्यूट ठोकला. साहेबांनी विचारलं, "सतरा वर्षांत मॅरीड म्हणून काय काय घेतलंत? क्वार्टर? वॉरंट?"

"नही साब."

"काहीच नाही?"

"येक दफा बडाखाना व्हता, साब, समद्या पलटनीची पंगत. फॅमिलीवाल्यांला मिठाईचा डबा देत व्हते. वाटनाऱ्यानं माज्या बी हातात ठिवला. मी वापस केला."

"कामून?" साहेबांच्या तोंडून आमच्याकडचा शब्द गेला.

"माजी फॅमिली न्हाई म्हनून, साब."

साहेब चष्मा काढून पुसत बसले. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "लिहा. सगळं खरं लिहा, रांगेतल्या बातमीपासून. ह्यांनी खोटं सांगून सरकारचा डबाभर पेढाही घेतलेला नाही, हे ठळक लिहा. रिटायर होऊन सव्वीस वर्षं झाली, आता कोर्ट मार्शल करायचं म्हटलं तरी कायद्यात मुदत उरलेली नाही. आणि मस्के, उद्या तुमचं काही झालं असतं तर बाईंना फॅमिली पेन्शन मिळाली नसती, हे कळलं का? अविवाहित माणसाला विधवा कुठून येणार?"

हवालदारांचा चेहरा पडला. इतक्या वर्षांत त्यांनी पेन्शन जाण्याची भीती बाळगली, पण ही बाजू त्यांच्या डोक्यात आलेलीच नव्हती.

आता काम काय काय होतं ते सांगते. सैनिकाच्या घरात लग्न, जन्म, मृत्यू झाला की त्याच्या पलटणीचं रेकॉर्ड ऑफिस एक आदेश काढतं. त्याला 'पार्ट टू ऑर्डर' म्हणतात. तो निघाला की बायको सरकारदरबारी बायको होते. पण तो निघायला महिने लागतात आणि आमच्या हातात महिना होता. साहेबांनी छावणीतल्या दवाखान्यात फोन लावला. तिथल्या डॉक्टर साहेबांनी मध्यममार्ग काढला: नवरा-बायकोचं शपथपत्र आणा, लग्नाचा एखादा सरकारी पुरावा आणा, दोघांचा एकत्र फोटो आणा, आणि तुमच्या सहीचं पत्र द्या. तेवढ्यावर ॲडमिट करून घेतो.

लग्नाचा पुरावा! निजामाच्या काळातलं लग्न, नवरदेव नऊ वर्षांचा. भटजी नाही, पत्रिका नाही, फोटो नाही. वऱ्हाडातली निम्मी माणसं वर गेलेली. दोन दिवस मला काही सुचलं नाही. मग आठवलं, जुन्या मतदार याद्यांत बायकांच्या नावापुढे नवऱ्याचं नाव असतं. मी जिंतूरला तहसीलमध्ये गेले आणि रेकॉर्ड रूममध्ये धूळ खात बसले. यादी सापडली. 'गोदाबाई, नवरा ग्यानबा'. यादी हवालदार फौजेत असतानाची. म्हणजे सरकारच्या एका खात्याला हे लग्न कधीपासून माहीत होतं आणि दुसऱ्या खात्यापासून ते लपवण्यात माणसाचा जन्म गेला होता.

यादीची नक्कल मिळाली. शपथपत्र मात्र अडलं. औरंगाबादच्या विद्यापीठाच्या नामांतराचा निर्णय व्हायचा होता, त्यामुळे सगळीकडे बंदोबस्त. शपथ तहसीलदारांसमोर घ्यायची, आणि गावागावांत शांतता राहील हे बघायचं कामही तहसीलदारांचंच. तीन दिवस त्यांची खुर्ची रिकामी. एसटीचा भरवसा नव्हता. परभणीहून निघालेली गाडी बोरीला थांबली की पुढे जाईल की नाही हे ड्रायव्हरलाही ठाऊक नसायचं. तीन दिवस मी गेले आणि आले. तीनही दिवस मस्के पती-पत्नी तहसीलच्या ओट्यावर बसलेले असायचे, मध्ये एका माणसाची जागा सोडून. गोदाबाईंचा अबोला तसाच होता.

तिसऱ्या दिवशी त्या मला म्हणाल्या, "लेकी, डोळा ठनकायलाय आता." आतला दाब वाढतोय याचीच ती खूण होती.

चौथ्या दिवशी दुपारी तहसीलदार जीपमधून उतरले. अंगावर धूळ, डोळे तांबारलेले. मी दारातच गाठलं. ते म्हणाले, "मॅडम, उद्या." मी म्हटलं, "साहेब, उद्यापर्यंत ह्या बाईंचा डोळा थांबला तर मीही थांबते." ते वळले, गोदाबाईंकडे बघितलं आणि पाणीसुद्धा न पिता खुर्चीत जाऊन बसले.

"बाई, नाव?"

"गोदाबाई."

"नवऱ्याचं नाव?"

आली का पंचाईत. आता तर खरा नवरा आणि समोर दंडाधिकारी. शिपाई म्हणाला, "मावशी, उखाण्यात घ्या." त्याला त्यांनी असं काही झापलं की तो बाहेर निघून गेला.

"बाई, नवरा कोण ते तुमच्या तोंडून आल्याशिवाय मला शपथ देता येत नाही," तहसीलदार म्हणाले.

गोदाबाई उभ्या राहिल्या. पदर सारखा केला आणि हिंदी आकड्यांत एका दमात हवालदारांचा आर्मी नंबर म्हणून दाखवला. पुढे रँक, पुढे कंपनी, पुढे पलटण. एकही आकडा चुकला नाही. मी पुस्तकाशी ताडून पाहिला.

"हा नंबर तुम्हाला कसा पाठ?" तहसीलदारांनी विचारलं.

"टपालावर नंबर न्हाई लिवला तर कागद पोचत नव्हता. सासूच्या ध्येनात ऱ्हाईना. मंग म्या पाठ केला. मास्तराला सांगायची, त्यो लिवायचा."

तहसीलदारांनी हवालदारांकडे पाहिलं. हवालदार रडत होते. मिशा ओल्या झाल्या होत्या आणि ते पुसतही नव्हते. त्यांना हे माहीत नव्हतं. सतरा वर्षं आलेली सगळी पाकिटं आईने लिहवून घेतली असं ते समजत होते. तहसीलदारांनी शपथपत्रात 'नावाऐवजी सैनिकी क्रमांक सांगून पतीची ओळख पटवली' असं स्वतःच्या हाताने लिहिलं आणि शिक्का मारला.

तिथून फोटो. स्टँडसमोरच्या स्टुडिओत दोघांना स्टुलांवर बसवलं. फोटोग्राफर म्हणाला, "आजी, थोडं आजोबांकडे सरका."

"ऱ्हाऊ द्या. सतरा वर्सं लांबच बसलेत. आता येवढ्यानं काय व्हतंय?"

"आजी, दोघं एका फोटोत यायला पाहिजेत."

शेवटी हवालदारच स्टूल उचलून सरकले. त्या फोटोत हवालदार कॅमेऱ्याकडे नाही, बायकोकडे बघताहेत. नियमाने तो फोटो चालत नाही. मी तोच लावला, कारण दुसरा काढायला वेळ नव्हता.

ऑपरेशन झालं. त्या काळी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं की काही दिवस डोकं न हलवता पडून राहावं लागे. बायकांच्या वॉर्डात पुरुषांना थांबता येत नव्हतं, तेव्हा हवालदार बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर. सिस्टरला दया आली. तिने गोदाबाईंना विचारलं, "माताजी, बुलाऊं क्या उनको?"

गोदाबाई पट्टीखालून म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या भाईर. कळू द्या."

हे मला हवालदारांनीच सांगितलं, आणि सांगताना त्यांना त्याचा कोण आनंद! बायको बोलली होती ना, मग काय बोलली याला महत्त्व नाही. तिसऱ्या दिवशी त्यांना आत घेतलं. दोघं काय बोलले ते मला माहीत नाही. डोळा वाचला. पट्टी निघाली तेव्हा उजेड आणि हलती माणसं दिसत होती. नीट दिसायला जाड भिंगांचा चष्मा लागणार होता, आणि तो जखम भरल्यावर, दीड-दोन महिन्यांनी.

मधल्या काळात रेकॉर्ड ऑफिसचं पत्र आलं. मी ते उघडताना हवालदार समोर उभे होते. कारवाई नाही, दंड नाही. लग्नाची पार्ट टू ऑर्डर काढल्याचं लिहिलं होतं आणि यापुढे अशा बाबी वेळेत कळवाव्यात अशी सूचना होती. "यापुढे" हा शब्द वाचून साहेबांना ठसका लागला.

एप्रिलात दोघं चष्म्यासाठी पुन्हा औरंगाबादला गेले. ह्या खेपेला गोदाबाईंकडे स्वतःच्या नावाचं कार्ड होतं. छावणीजवळ माजी सैनिकांसाठी विश्रामगृह आहे, तिथे तीन दिवसांची खोली मी लावून दिली. चौथ्या दिवशी परतायचे होते. नाही आले. पाचव्या दिवशीही नाही. माझ्या मनात नाही नाही ते यायला लागलं. डोळ्यात पुन्हा काही झालं असेल का? मी ट्रंक कॉल लावला.

विश्रामगृहाचा कारकून फोनवर वैतागलेला. "मॅडम, तुमचे मस्के खोली सोडत नाहीत. म्हातारबाई व्हरांड्यात स्टोव्ह मांडून भाकरी करतात. सकाळी चष्मा लावून नवऱ्याला घेऊन निघतात, ते थेट फॅमिली क्वार्टर्सच्या रस्त्याला. दिसेल त्या दारात उभ्या राहतात. खोल्या किती, पाणी कुठून येतं, चूल कुठे, सगळं विचारतात. त्या बायका यांना आत घेऊन चहा पाजतात. कालपासून तर त्यांतल्या कोणीकोणी लोणचं घालायला यांच्याकडेच यायला लागल्या आहेत."

"आणि हवालदार?"

"ते मागून पिशवी घेऊन फिरतात. मुदतवाढीचा अर्ज केलाय त्यांनी. तुमच्या साहेबांची शिफारस लागेल."

अर्ज दुसऱ्या दिवशी टपालाने आला. साध्या छापील फॉर्मवर हवालदारांनी नाव, नंबर, रँक नीट भरलं होतं. पुढे एक रकाना होता, 'मुक्काम वाढवण्याचे कारण'. तो कोरा सोडून त्यांनी खाली पेन्सिलीने लिहिलं होतं, 'मॅडम, इथं काय लिवावं कळना. खरं लिवावं म्हनतो, पर लाज वाटते.'

मी तो रकाना टाइप केला: 'फॅमिली क्वार्टर, सतरा वर्षांपासून पेंडिंग.' साहेब ओरडतील या तयारीनेच फाइल पुढे ठेवली. साहेबांनी वाचलं, 'सतरा' वर रेघ मारली, पुढची सव्वीस मिळवून वर 'त्रेचाळीस' केलं आणि सही केली. ते महिनाभर राहिले.

मी रिटायर होईपर्यंत पुढे एक पद्धत ठेवली. जोडपं आलं की सुभेदार असो की शिपाई, नवऱ्याला बाहेरच्या बाकावर बसवायचं आणि आधी बायकोला आत बोलवायचं. काम निम्म्या वेळात व्हायचं.